कावळ्याचा उतारा

बापाच्या फोटोला हार घातलेला हेमांगीनं फोनवर बघितला, तेव्हा बाप बाहेर ओट्यावर बसून बशीतनं चहा ओढत होता.

आवाजसुद्धा येत होता. फुर्रर्र. नाथा नाखवाचा चहा चार घरं पलीकडं ऐकू जातो.

फोटो गेल्या नारळी पौर्णिमेचा. डोक्याला लाल टोपी, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. त्याच फोटोला कुणीतरी झेंडूचा हार चढवलेला, खाली दोन समया पेटवलेल्या, आणि मजकूर: कै. नाथा नाखवा यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली. समाजाच्या ग्रुपवर ठाण्यापासून मोहन्यापर्यंतची माणसं. एकामागं एक हात जोडलेली चित्रं पडत होती. टप टप टप.

बाप जिवंत आहे हे कानाला कळत होतं, पण डोळ्याला पटत नव्हतं. ती उठून दारात गेली. बाप होता. बनियन, मांडीवर फाटकं जाळं, दातात सुई.

"काय गो, अशी काय बघतंस? भूत बघल्यासारखी?"

"काही नाही बाबा," ती म्हणाली आणि आत पळाली.

आता ह्या पोरीचं थोडं सांगायला पाहिजे. हेमांगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. यंदा दर शनिवारी तिला एक जादा कोर्स लागलेला, मीडिया लिटरसीचा. म्हणजे बातमी खरी कुठली, खोटी कुठली, फोटो कुठनं उचललाय, कोण कुणाला का गंडवतंय, ते ओळखायचं शिक्षण. अंतरा मॅडम म्हणून बाई शिकवायच्या. बाई हुशार, आणि पोरगी त्यांच्या शब्दावर एवढी फिदा की घरात कुणाला धड फॉरवर्ड करता येईना. मावशीनं लिंबाच्या पाण्यानं साखर जाते असं पाठवलं की हिचा प्रश्न तयार, सोर्स काय? नाथा तर तिला बघूनच ओरडायचा, "आली, आली आमची सोर्सवाली."

कोर्स संपत आलेला. शेवटचं काम एकच राहिलेलं. आपल्या आजूबाजूची एक खोटी बातमी पकडायची, ती निघाली कुठनं ते शोधायचं, आणि बनवणाऱ्यानं ती का बनवली ते लिहायचं. त्याला मॅडमनी चार खाने दिलेले: पैसा, द्वेष, राजकारण, थट्टा. एकावर खूण करा. आणि खाली, ह्या कोर्सातनं तुम्ही काय शिकलात. चार दिवस हेमांगी कुरकुरत होती, की आपल्या आळीत धड एक खोटी बातमी पण मिळत नाही.

मिळाली की. घरपोच.

मॅडम म्हणायच्या, पहिलं थांबा. मग मागं मागं जा. हेमांगी थांबली आणि मागं गेली. फोटो टाकलेला ऐश्वर्यानं. ऐश्वर्या म्हणजे मोहन्याच्या हौसाआत्याची सून, आणि हौसाआत्या म्हणजे नाथाची सख्खी मोठी बहीण. ऐश्वर्या असली थट्टा करणारी नाही. म्हणजे तिला कुणीतरी सांगितलं असणार.

हेमांगी मोरीपाशी गेली. आई, मालू, भिंतीकडं तोंड करून बसलेली. फोन पदरात. पुढ्यात कोलंबीचा वाटा तसाच पडलेला, एक सोललेली नाही.

"आई, बाबा गेले म्हणून कुणी सांगितलं आत्याला?"

मालू वळली नाही.

"आई."

"मीच," मालू म्हणाली.

"काय?" हेमांगी ओरडलीच.

"हळू बोल, त्यांना आयकू जाईल," मालू कुजबुजली. "सकाळच्याला बंदरावर जाळा धुत व्हते. कावला आला नि डोक्यावर बसला. नुसता शिवला नाय, बसला. चोच मारली. मी बघला ना माज्या डोल्यानं. ते हसले. तुझा आजा पन असाच हसलेला. त्याच्या डोक्यावर बसला तवा कोनी काय केला नाय. म्हातारी बोलत व्हती, सांगावा धाडा, सांगावा धाडा. नाय धाडला. अमावास्या नाय बघली त्यानं."

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. कावळा डोक्यावर बसला तर मरण जवळ आलं असं जुनी माणसं धरतात. त्याच्यावर उतारा एकच. रक्ताच्या माणसाला खोटा सांगावा धाडायचा, की अमका गेला. ते माणूस खरोखर रडलं की मरणाचं देणं फिटलं. रडणं खरं पाहिजे. खोटं चालत नाही. मग दुसरा सांगावा धाडायचा, की आहे हो, जिवंत आहे. पूर्वी माणूस चालत जायचा, तिथंच बसायचा, रडून झालं की स्वतः उठून खरं सांगायचा. दोन्ही सांगावे एकाच तोंडात. म्हणून निभायचं.

"मग रडल्या का आत्या?"

"रडली. अशी रडली का माझा पन जीव चरकला." मालूनं पदर तोंडाला लावला. "मी बोलला, जरा रडू दे, मग फोन लावते. आता लावते तर उचलीत नाय."

"उचलणार कशा! त्या निघाल्या असतील. आई, ऐश्वर्यानं फोटो टाकलाय ग्रुपवर. हार घालून!"

मालूला ते कळायला थोडा वेळ लागला. तिच्या हिशेबात सांगावा एका घरी गेलेला. तेवढ्यात बाहेर किंकाळी.

शेजारची वैशाली काकू. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत आलेली, मालूला सावरायला. ओट्यावर बघते तर मयत चहा पितेय. तिच्या हातातला साखरेचा डबा पडला. शेजारधर्म म्हणून सगळ्यांच्या चहाची साखर घेऊन आलेली बिचारी.

मग नाथाला कळलं.

"मना न इचारता मारलास?" तो चौकटीत उभा राहून गरजला. "अगो, निदान जेवन झाल्यावर तरी मारायचास!"

"तुमचा आयुष्य वाढला!"

"वाढला काय? आता समाजाचा दौलत पावती फाडंल मयतीच्या वर्गनीची!"

वैशाली काकू हसायला लागली आणि रडायला पण लागली. हेमांगीला हसू येईना. तिनं ग्रुपवर लिहिलं. कोर्सात शिकवलेलं अगदी तसं, साधं, चिडचिड न करता. "ही बातमी खोटी आहे. माझे बाबा व्यवस्थित आहेत. कृपया पुढे पाठवू नका."

दौलत आबा ग्रुपचे मालक. लेकीकडं कळव्याला गेलेले. त्यांचं लगेच उत्तर. "पोरीला धक्का बसलाय. बायकांनी कोणीतरी जवळ जा."

खाली अजून एक. "रडली का ती? रडवा तिला. आत ठेवू नका."

मॅडम म्हणायच्या, नुसतं खोटं आहे म्हणू नका, पुरावा द्या. हेमांगीनं बापाचा फोटो काढला, बशी तोंडाला लावलेला, आणि टाकला. टप टप टप. हात जोडलेले. "शेवटचा फोटो वाटतं. किती हसरा चेहरा. देव शांती देवो."

एवढे शनिवार ती खोट्याच्या मागं धावायला शिकलेली. खरं कुणी घेत नसेल तर काय करायचं, ते एका शनिवारी पण सांगितलं नव्हतं.

आणि तेव्हा रचनाचा फोन आला.

रचना म्हणजे हेमांगीची वहिनी. थोरला भाऊ जयेशची बायको. दोघं राहायला घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर, जयेश तिकडंच ऑफिसात. ह्या घरात जयेशचं पाऊल वर्षभर पडलेलं नव्हतं. कारण सांगायला गेलं तर एक डबा. नाथा चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण घेऊन पोराकडं गेलेला. बसनं, डबा मांडीवर धरून. खाली लिफ्टपाशी सोसायटीची दोन माणसं नाकाला रुमाल लावून उभी. आणि जयेश, स्वतःचा पोर, हळूच बोलला, "बाबा, लिफ्टनं नका आणत जाऊ. वास राहतो. लोक बोलतात." नाथा डबा घेऊन फिरला. गेटापाशी जाऊन मात्र वळला आणि म्हणाला, "आता माज्या मयतीलाच ये."

नाखवाचा शब्द. त्यानं फोन घेतला नाही, पोरानं पण लावायचं सोडलं.

"हेमा!" रचनाचा आवाज फाटलेला. "ते निघालेत गं. आत्यांचा फोन आला आणि तसेच निघाले. बाईक घेऊन. मी म्हटलं थांबा, रिक्षानं जाऊ दोघं. ऐकलंच नाही. हेल्मेट इथंच आहे. रडत गेलेत, हेमा, त्यांना समोरचं दिसत नव्हतं."

घोडबंदर रोड. डंपर, कंटेनर, मेट्रोचे खांब, खणलेला रस्ता. शुद्धीतला माणूस तिथं जीव मुठीत धरून चालवतो.

"वहिनी, ऐक. बाबा आहेत. काही झालेलं नाही."

पलीकडनं नुसतं मुसमुसणं.

"वहिनी?"

"मला माहितीये असं सांगतात," रचना हळू म्हणाली. "माझे पप्पा गेले तेव्हा मला पण साताऱ्याहून तेच सांगितलेलं. ठीक आहेत, तू सावकाश ये. मी पोचले तर अंगणात लाकडं आलेली."

बरोबर होतं तिचं. आपल्यात मेलेल्याला मेला म्हणून कोण सांगतं? थोडं बरं नाही, ॲडमिट केलंय, काळजी नको, सावकाश ये. जो सावकाश ये म्हणतो त्याच्या घरी समजावं. हेमांगीचं खरं त्या खोट्याच्या कपड्यात उभं होतं. ओळखणार कोण?

रचनाला तिनं व्हिडिओ लावून बाप दाखवला. रचनानं बघितलं. म्हणाली, "त्यांना सांग. हेमा, आधी त्यांना सांग. कानात ते हेडफोन असतात, फोन उचलतील."

कानात हेडफोन. म्हणजे ऐकू जाईल, दिसणार नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही. नुसता आवाज.

तिनं लावला. वाजला, वाजला, उचलला. आधी नुसता वारा, हॉर्न.

"दादा!"

"मानपाड्याला आलोय. थांबवा. मी आल्याशिवाय नेऊ नका."

"दादा, बाबा जिवंत आहेत. कावळा बसला म्हणून आईनं..."

"हेमा, नको." त्याचा आवाज बारीक पोरासारखा. "मला समजवू नको. सावकाशच येतोय."

"दादा, गाडी बाजूला लाव आधी!"

"ठेव. समोर डंपर आहे."

कट.

हेमांगी बाहेर धावली. बापाच्या पुढ्यात फोन धरला. "बाबा, तुम्ही बोला. त्याला फक्त तुमचा आवाज पटेल."

नाथा सुईत दोरा ओवत होता. ओवला जात नव्हता.

"मी काय बोलू त्याच्याशी?"

"जिवंत आहे म्हणून बोला!"

"मयतीला येतोय ना? येऊं दे. मीच बोललेलू." त्यानं जाळं ओढलं. "जित्या बापाला लिफ्ट नाय, नि मेल्यावर धावत सुटला."

"अवं, पोर मरंल तिकडं!" मालू आतनं आली ती केस सुटलेली. "मी तुमच्यावरचा उतरवला नि त्याच्यावर घातला काय? सांगा मना! माज्या पोरावर घातला काय मी?"

ती ओट्याच्या कडेला बसली आणि कपाळ खांबाला टेकवलं. नाथानं बायकोला असं कधी बघितलं नव्हतं. तरी तोंड उघडेना. वर्षभर घट्ट आवळलेली गाठ ती, नखानं सुटत नव्हती.

हेमांगीनं पुन्हा लावला. स्पीकरवर. न बोलता फोन बापाच्या मांडीवर ठेवला, जाळ्यावर.

उचलला. वारा. मोठ्या गाडीचा हॉर्न, जवळून गेलेला. मग जयेश, कुणाशी बोलतोय ते त्याचं त्याला ठाऊक नाही.

"हेमा, त्यांनी डबा परत नेला गं. मी वर जाऊन उभा होतो. बसस्टॉपवर बसलेले, गरम डबा मांडीवर. मला वरनं गॅलरीतून दिसत होते. तीन बस सोडल्या त्यांनी. मी खाली गेलो असतो तर आले असते. नाही गेलो गं मी. मी गेलोच नाही..."

नाथाच्या हातातली सुई थांबली.

तीन बस त्यानं सोडल्या होत्या, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पोर खाली येईल म्हणून सोडल्या होत्या.

पुन्हा हॉर्न. लांबलचक.

"अरे बैला!" नाथा असा ओरडला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "हेल्मेट कुठंय तुझा? गाडी बाजूला घे! आधी बाजूला घे, मग रड, भोपल्या!"

फोनमधनं कचकन ब्रेक. चाक घासल्याचा आवाज. धाडकन काहीतरी. मग कुणीतरी हिंदीत शिवी दिली. मग काही नाही.

काहीच नाही.

हेमांगीला एवढंच दिसत होतं की फोनवर सेकंद पुढं चाललेत. तिनंच लावलेला फोन. मेलेल्या बापाचा आवाज गाडीवरच्या पोराच्या कानात तिनंच घातलेला. मॅडमनी शिकवलेलं, खोटं दिसलं की ताबडतोब दुरुस्त करा. ताबडतोब.

"जया," नाथा म्हणाला. आता ओरडत नव्हता. "जया रे. बोल ना, बाला."

वारा. कुणीतरी लांबून म्हणालं, "लगा क्या भाई? उठ, उठ."

आणि मग, अगदी जवळून, "बाबा?"

नाथानं डोळे मिटले.

"लागलाय काय?"

"गुडघा. गाडी पडली. रस्त्याच्या कडेला आहे मी." धाप. "बाबा, तुम्ही..."

"मेलू नाय. तुझ्या आईनं मारला मना. कावला बसला म्हनून."

मग जयेशचा आवाज बदलला. "म्हणजे मला बोलवायला हे सगळं?"

हेमांगीनं ओठ चावला. आता हा फिरणार. गाडी उचलणार आणि फिरणार, आणि ह्या वेळेला कायमचा. ती काही बोलायला गेली, नाथानं हात वर केला.

"तुला कोनी नाय बोलवला. तुझ्या आत्यानं सांगला तुला." नाथा थांबला. घशात अडकलेला काटा भातानं ढकलावा तसा त्यानं पुढचा शब्द ढकलला. "आता मी बोलवतो. मयत रद. जेवाया ये."

पलीकडं एक रिक्षा गेली. दुसरी गेली.

"काय आहे जेवायला?" जयेशनं विचारलं.

नाथानं मालूकडं बघितलं. मालूनं डोळे पुसले, कोलंबीच्या वाट्याकडं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"चिंबोऱ्या," नाथा म्हणाला. घरात एक चिंबोरी नव्हती. वैशाली काकू न सांगता उठून बंदराकडं धावली.

जयेश रिक्षानं आला. रचनानं त्याला रस्त्यात गाठलं, हेल्मेट तिच्या मांडीवर तसंच. त्याच्या आधी मोहन्याहून टेम्पो आलेला. हौसाआत्या उतरली ती छाती पिटतच उतरली, भावाला बघितलं, आणि पिटायची ती छाती सोडून त्याला पिटायला लागली. "मेल्या! मेल्या! माझा बीपी वाढला, मेल्या!" नाथा मार खात उभा. टेम्पोतल्या बाया आधी रडल्या, मग हसल्या, मग ज्याला त्याला चहा पाहिजे झाला. वैशाली काकूची साखर मातीत गेलेली, दुसऱ्या घरनं आणली.

बाप आणि पोर एकमेकांशी काय बोलले? काही नाही. नाथानं पोराची पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली बघितली, आतनं हळद आणली आणि स्वतः खाली बसून दाबून धरली. जयेश "आ" म्हणाला. नाथा म्हणाला, "गप." संपलं.

जेवणं उरकल्यावर हेमांगी कॉलेजचं काम घेऊन बसली. बातमी: नाथा नाखवा यांचे निधन. उगम: माझी आई. मग चार खाने आले. पैसा, द्वेष, राजकारण, थट्टा. तिला एकही लागू पडेना. मग खाली स्वतःच पाचवा चौकोन काढला आणि लिहिलं, नवरा जगावा म्हणून. खूण केली.

काय शिकलात, तिथं ती अडकली. सोर्स सापडला म्हणजे काम झालं, असं तिला सकाळपर्यंत वाटत होतं. तिनं लिहिलं, "खोटं कुणी सांगितलं ते शोधायला मला थोडाच वेळ लागला. खरं कुणाच्या तोंडून सांगायचं ते कळायला उशीर झाला. त्यात माझ्या भावाचा गुडघा फुटला. मॅडम, हे पुढच्या वर्षी शिकवा." मग वाटलं जरा उद्धट झालं. खोडलं नाही.

बाहेर निघायची गडबड. ग्रुपवर दौलत आबांनी टाकलेलं, नाथाभाऊ सुखरूप, सर्वांनी आनंद व्यक्त करावा. आता कुणी हात जोडत नव्हतं. खरी बातमी दहा जणांनी पण बघितली नव्हती.

मालूनं कालवणाचा डबा भरला, फडक्यात बांधला, रचनाच्या हातात दिला. नाथानं तो मधेच घेतला. गाठ तपासली. पुन्हा आवळली. मग जयेशकडं न बघता म्हणाला, "जिन्यानं न्या. उगाच लोक बोलतील."

जयेशनं डबा घेतला. गरम होता, तरी पोटाशी धरला.

"चौदा मजले?" तो म्हणाला. "ह्या गुडघ्यानं? लिफ्टनंच नेणार."